पायांपर्यंत पोचणारी हाक

मेलेल्या डीव्हीडी प्लेअरचे झाकण काढले की सर्वांत आधी वास येतो. साचलेल्या धुळीचा, कधीकाळी तापून निवलेल्या प्लास्टिकचा, आणि या दोहोंच्या तळाशी पांढऱ्या ग्रीसचा एक मऊ, किंचित गोडसर वास. मग दिसते ती डीव्हीडीचा खण आत-बाहेर नेणारी छोटी मोटार. बोराएवढी. तिच्या आसावर पातळ रबरी पट्टा, पट्ट्याला जोडलेले पांढरे दातेरी चाक, त्याला लागून आणखी एक. जुन्या बॅटरीच्या दोन तारा तिच्या पाठीला टेकवाव्यात, आणि कित्येक वर्षे बंद पडलेले ते यंत्र घसा खाकरून उठते. खण सावकाश पुढे येतो. घरात आलेल्या माणसापुढे कुणी पाण्याचा तांब्या धरावा तसा.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. वृत्ते, अलंकार, आणि परीक्षेत कधी न येणाऱ्या पुष्कळ कविता. बदलापूरच्या आमच्या घराच्या बाल्कनीत, जिथे शेजारी कुंड्या ठेवतात, तिथे माझे एक लाकडी मेज आहे आणि त्यावर अशा मोटारींचे डबे. बंद पडलेल्या मोबाइलमधल्या, मसुराच्या दाण्याएवढ्या थरथरणाऱ्या मोटारी एका डब्यात. प्रिंटरमधल्या जड, टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या दुसऱ्यात. खेळण्यातल्या गाड्यांच्या तिसऱ्यात. त्यांतून मी छोटे यंत्रमानव बनवते. ‘मानव’ हा शब्द त्यांना फारच सैल होतो. एक दात घासायच्या ब्रशच्या कापलेल्या डोक्यावर उभा राहून थरथरत सरकतो. दुसरा मेजावरच्या शब्दकोशावर मोठ्या निर्धाराने चढतो आणि पलीकडच्या बाजूने हमखास पडतो. त्यांचा उपयोग काय, असे घरी येणारे विचारत. हाच प्रश्न मला कवितेबद्दलही विचारला जात असल्यामुळे, उत्तर न देता चहा पुढे करण्याची सवय मला होतीच.

उपयोगाचा प्रश्न खरोखर उभा राहिला तो आईमुळे.

आई विठ्ठलवाडीला, एका जुन्या चाळीच्या पहिल्या मजल्यावर एकटी राहते. खाली जीन्स शिवण्याचा कारखाना आहे. तिच्या उमेदीची सगळी वर्षे त्या कारखान्यात, शिलाईच्या मशीनवर गेली, आणि तिचे ऐकणेही तिथेच थोडेथोडे करून गेले. आता ती खाली उतरत नाही. काम वर येते. शिवून झालेल्या पँटींचे गठ्ठे घेऊन कारखान्यातला माणूस दार वाजवतो, आणि आई खिडकीपाशी बसून छोट्या कात्रीने शिवणीचे लोंबते धागे कापते. तिच्या मांडीवर नेहमी निळसर कोंडा असतो. तिच्या बोटांना निळीचा वास येतो. कानाचे यंत्र आम्ही घेऊन दिले होते. तिने ते आठवडाभर वापरले आणि परत डबीत ठेवले. “कानात कुणी टाचण्यांचा डबा पालथा केल्यासारखं होतं,” ती म्हणाली. तेव्हापासून ती ओठांकडे पाहून समजून घेते, आणि स्वतः मात्र मोठ्याने, मजेत बोलते.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी तिच्याकडे गेले आणि दार उघडेना. मी बेल वाजवली, कडी आपटली, मोबाइलवर फोन लावला. तो आत कुठल्याशा डब्यावर वाजत राहिला, मला ऐकू येत होता. किल्लीचा उपयोग नव्हता, कारण एकटी बाई म्हणून आई आतून कडी घालते. मी दादाला बोलावले. माझा मोठा भाऊ अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतो. तो कामाच्या कपड्यांतच आला, शेजाऱ्यांच्या स्टुलावर चढला, दारावरच्या झरोक्याची जाळी त्याने उचकटली आणि हात आत घालून कडी काढली.

आई खिडकीपाशी पाठमोरी बसून धागे कापत होती. गुणगुणतही होती. मान वळवली तेव्हा तिला दाराच्या वरून लोंबणारा, घड्याळ बांधलेला एक तेलकट हात तेवढा दिसला.

“मेल्या, कात्री फेकणार होते मी,” दादा आत आल्यावर ती म्हणाली. “चोराच्या हातात घड्याळ नसतं म्हणून वाचलास.”

मी हसले. दादा हसला नाही. तो पलंगाच्या कडेला बसला. जाळीने खरचटून त्याच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली होती.

“मला काय काय दिसून गेलं त्या स्टुलावर, तुला नाही कळायचं,” तो मला म्हणाला. मग आईसमोर जाऊन, ओठ स्पष्ट हलवत: “आई. आता माझ्याकडे चल.”

त्याच्या अंबरनाथच्या घरी आईसाठी एक खोली तयारच होती. वहिनीने नवे पडदे लावले होते, दादाने पलंग आणून ठेवला होता. सहाव्या मजल्यावरचे, उजेडाचे, चांगले घर. आई तिथे सणावाराला जायची, दोन दिवस राहायची आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरून बसायची. का, ते तिने त्या दुपारी पहिल्यांदा सांगितले.

“तुझ्या घरची जमीन मुकी आहे रे,” ती म्हणाली.

आम्हाला कळले नाही. तिने आम्हा दोघांना चपला काढून जमिनीवर नीट उभे राहायला लावले. चाळीची जमीन लाकडी फळ्यांची आहे. खोलीतल्या फळ्या तशाच उंबऱ्याखालून बाहेरच्या गॅलरीत जातात. खाली कारखाना चालू होता. हळूहळू तळव्यांना जाणवू लागले: एक अखंड, बारीक कंप, आणि त्याच्या आत वेगवेगळ्या जाडीचे धागे. “हे ओव्हरलॉक, कडा शिवणारं,” आई डोळे मिटून सांगू लागली. “ही बेल्ट लावायची मशीन, ती मधूनच थांबते. आता जेवायची सुट्टी व्हायची वेळ झाली, एकेक बंद होईल बघा.” आणि खरोखर एकेक धागा सुटत गेला, जमीन निवली. आईचा सगळा शेजार तिच्या टाचांतून तिला भेटत होता. सहाव्या मजल्यावरच्या गुळगुळीत टाइल्सवर ती खरी बहिरी होत असणार, हे मला त्या क्षणी उमगले.

दादाला ते पटले. पण त्याची भीतीही खोटी नव्हती. “जमीन बोलते, कबूल. पण दारावर मी आलोय हे जमीन तिला सांगत नाही ना?”

बेल वाजली की दिवा लागेल अशी सोय आम्ही करून पाहिली. पण आईची पाठ बहुधा दिव्याकडेच असायची, आणि समोर असला तरी नजर धाग्यावर. शेवटी श्रावणात दादाने मला सरळ सांगितले.

“दसऱ्याला सोनं द्यायला येईन. बेल दाबीन. ती स्वतः उठून दार उघडेल अशी काहीतरी सोय कर. तुझी ती भंगारगल्ली आहे ना बाल्कनीत? तिला लाव कामाला, कवयित्रीबाई. झालं तर मी परत विषय काढणार नाही. नाहीतर दिवाळी अंबरनाथला, आणि मग आईही विषय काढणार नाही.”

आईने मान डोलावली. ती शब्दाची पक्की आहे. म्हणूनच मला धास्ती वाटली.

सुट्टीच्या दिवशी मी उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात गेले. तिथल्या एका बोळात बंद पडलेल्या वस्तूंचे एक दुकान आहे. मोबाइल, प्लेअर, प्रिंटर, खेळणी, सगळे पोत्यांत. दुकानाचे सिंधी मालक मला ‘अदी’ म्हणतात, म्हणजे ताई. त्यांच्याशी माझे बोलणे अर्धे हिंदीत, अर्धे मराठीत होते.

“अदी, चालू माल आला आहे, पाहणार?”

“नको. बंदच दाखवा.”

“सगळी दुनिया माझ्याशी भांडते, की चालू बोलून बंद दिला,” ते पोते ओढत म्हणाले. “तुम्ही एकट्या अशा, की चालू निघाला तर नाराज.”

मी प्लेअरच्या मोटारी घेतल्या, आणि व्हिडिओ गेमच्या हँडलमधली एक थरथरणारी मोटार. मोबाइलमधलीचीच ती मोठी बहीण. आसावर एका बाजूला जड असा अर्धचंद्र, त्यामुळे फिरताना सगळे अंग हलवते. एक बिनतारी बेलही घेतली: बटण दाराबाहेर लावायचे, आणि ‘टिंगटाँग’ करणारी डबी घरात कुठेही ठेवायची. त्या डबीतून आवाजाकडे जाणाऱ्या तारा मी तोडल्या आणि मधे एक छोटा रिले, म्हणजे विजेनेच दाबले जाणारे बटण, बसवून मोटारींकडे वळवल्या. आवाजाच्या वाटेने हालचाल सोडून दिली, असे मला वाटले, आणि त्या संध्याकाळी तारा सोल्डर करताना उठलेला राळेचा धूर बाल्कनीत दरवळत असताना मी फार आनंदात होते.

कल्पना साधी होती. साबणदाणीच्या पोटात ती डबी आणि मोटारी, खाली चाके. आई जिथे बसेल तिथे तिने ते पायापासून वीतभर अंतरावर ठेवायचे. दाराबाहेर कुणी बटण दाबले की ते पुढे सरकेल आणि थरथरत तिच्या पावलाला लागेल. चाकांसाठी आईनेच आपल्या जुन्या डब्यातून शिलाई मशीनच्या लोखंडी बॉबिनी काढून दिल्या. मी त्यांच्यावर रबर गुंडाळले. एका बॉबिनीत अजून निळा दोरा होता, आई म्हणाली, “राहू दे, आतून घट्ट बसेल.”

पहिल्या दिवशी ते पावलाच्या बाजूने निसटले आणि पलंगाखाली जाऊन गोधडीच्या कडेशी झुंजत बसले. आम्ही दोघी जमिनीला गाल टेकवून त्याला काठीने बाहेर काढत होतो.

“तुझे बाबासुद्धा असेच,” आई म्हणाली. “बोलावलं की भलतीकडेच.”

मी पुढचे टोक रुंद केले, मऊ स्पंज लावला. आता ते नेमके पावलाला टेकू लागले. तरी आई उठेना. मी बाहेरून बटण दाबत होते, आतून बॉबिनींची घरघर मला ऐकू येत होती, आणि दार बंदच. उघडल्यावर तिने जे सांगितले, ते माझ्या लक्षात यायला हवे होते. खालच्या मशीनांचा कंप दिवसभर तिच्या तळव्यांत असतोच. त्यात माझ्या यंत्राची थरथर मिसळून जात होती. वाहत्या पाण्यात तांब्याभर पाणी ओतावे, तशी.

“मोठी मोटार लावू का?” मी विचारले.

“मोठं नको. ओरडणाऱ्याकडे कोण लक्ष देतं? कारखान्यात सगळंच ओरडायचं,” ती म्हणाली. मग तिने पलंगाच्या फळीवर माझा तळवा ठेवला आणि कात्रीच्या मुठीने लाकडावर ठोकले. टक टक, आणि मग एक लांब, दाबून ओढलेला ठोका. “मशीनी सुरू असल्या की हाका ऐकू यायच्या नाहीत. सगळ्यांची टेबलं एका लांब फळीला जोडलेली असायची. कुणाला बोलवायचं असलं की फळीवर असं करायचं. कंप सगळीकडे असतो गं, पण असा थांबून थांबून नसतो. हाताला लगेच कळायचं, हे मशीन नाही, हे माणूस आहे.”

लघु, लघु, गुरू. वर्गात मी फळ्यावर ज्याच्या खुणा काढून मुलांना जांभया आणते, तो स गण, तोच, माझ्या तळव्याखाली लाकडात उमटला होता. मी किती वर्षे तो बोटांनी मोजला. आईने तो कामाच्या धबडग्यात माणसांना हाक मारायला वापरला होता. मला एकदम लहानपण आठवले. शाळा सुटल्यावर दादा आणि मी कारखान्याच्या दारातून वाकून त्या फळीच्या टोकावर असेच ठोकायचो, आणि मशीनांच्या लांबच लांब ओळीतून आई एकटीच मान वर करायची.

मग मी बाल्कनीत बसून एका प्लेअरचे दातेरी चाक कानशीने घासले. त्याच्या कडेला दोन अरुंद उंचवटे ठेवले आणि एक लांबट; बाकीची कड खोल केली. ते चाक हळू फिरणाऱ्या एका मोटारीवर बसवले. त्याला टेकून, खण पूर्ण बाहेर आला की मोटार थांबवणारे, टिकलीएवढे बटण असते ते लावले. चाक फिरले की उंचवटा बटण दाबतो, आणि तेवढाच वेळ बाकीच्या मोटारींना वीज मिळते. थोडे, थोडे, पुष्कळ. मग विश्रांती. मग पुन्हा. प्लास्टिकचा पांढरा भुगा माझ्या साडीवर पडत होता. कविता लिहिताना मी कधी इतकी काटेकोर नव्हते. इथे गुरू जरासा आखूड पडला तर तो लघूच वाटत होता, आणि मी नवे चाक घासायला घेत होते.

ते घेऊन मी विठ्ठलवाडीला गेले. कारखाना भरात होता. आईला आतून कडी घालायला लावून मी गॅलरीत उभी राहिले आणि बटण दाबले. आतून बॉबिनी चालल्या, थांबल्या, चालल्या. कडी निघाली. आई दारात उभी होती. डाव्या पायाचा अंगठा उचललेला, जणू त्यावर अजून काहीतरी बसले होते.

“आलं,” ती म्हणाली. “म्हणालं, कुणीतरी आहे.”

त्यानंतरचे दिवस सुखाचे गेले. गठ्ठे आणणाऱ्या माणसाला दार पहिल्या बेलला उघडू लागले. तो चकित झाला, मग त्याला सवय झाली. आई त्या साबणदाणीला ‘तो’ म्हणू लागली. खिडकीपाशी जाताना त्याला उचलून न्यायची, ओट्यापाशी उभी राहिली की पायाशी ठेवायची, झोपताना पलंगाच्या काठावर, पावलाजवळ. त्याच्यावर तिने जीन्सच्या चिंध्यांचे छोटे आच्छादन शिवले, खिशासकट. “खिसा कशाला?” मी विचारले. “जीन्स आहे,” ती म्हणाली.

मी दादाला फोनवर एवढेच सांगितले, की दसऱ्याला ये.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघे विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर भेटलो आणि चाळीपर्यंत चालत गेलो. त्याच्या शर्टाच्या खिशातून आपट्याची पाने डोकावत होती, आणि उजव्या हाताच्या अनामिकेवर कुंकवाचा न गेलेला डाग होता. काल खंडेनवमीला त्यांच्या कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, तो सांगत होता. सगळी यंत्रे धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून उभी होती. मी ऐकत होते, पण माझे लक्ष नव्हते. चाळीच्या खालच्या कारखान्याचे शटरही ओढलेले होते, त्यावर तोरण होते. जिन्यात झेंडू आणि आंब्याच्या पानांचा हिरवा, तुरट वास भरला होता. इतका शांत जिना मी त्या चाळीत पूर्वी पाहिला नव्हता. ती शांतताही मला काही सांगत होती, पण माझे कान दाराकडे लागलेले होते.

दादाने बटण दाबले.

आत काहीच झाले नाही. बॉबिनींची घरघर नाही, काही नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा दाबले. मी पुढे होऊन स्वतः दाबले, जोर लावून, जणू जोराचा त्याच्याशी संबंध होता. बटणावरचा तांबडा ठिपका लागत होता, विझत होता. दार तसेच.

“काल चालत होता,” मी म्हटले. “परवाही.”

“असू दे,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचे काही नव्हते, आणि त्यामुळेच मला रडू येऊ लागले. तो वर झरोक्याकडे पाहत होता. पुन्हा स्टूल, पुन्हा जाळी, आणि तेच सगळे त्याच्या डोळ्यांपुढून जात असणार. मी मनातल्या मनात आईची पिशवी भरलेली पाहिली. डबा, कात्री, निळा दोरा. मुकी जमीन.

तेवढ्यात दादाने एक गोष्ट केली. त्याने पायातला बूट काढला, टाच उचलली आणि गॅलरीच्या फळीवर ठोकली. दोनदा पटकन, आणि मग एकदा, सगळे वजन देऊन, लांब. मी चाक कसे घासले होते, ते मी त्याला सांगितले नव्हते. त्याने कुणाला विचारले नव्हते. कारखान्याच्या दारात दप्तर सावरून उभा असलेला मुलगाच जणू त्याच्या पायातून ठोकत होता.

खाली एकही मशीन चालू नव्हती. फळ्या वर्षातून एकदाच असतात तशा निवांत होत्या, आणि तो ठोका त्यांच्यातून उंबऱ्याखालून आत गेला.

कडी निघाली. आईच्या हातांना हळद लागली होती.

“ठोकताय कशाला गावंढळासारखे?” ती म्हणाली. “बेल नाही का दाराला?”

आम्ही आत गेलो. देवापुढे पाट मांडला होता. पाटावर धुतलेले तांदूळ, त्यांवर तिची शिलाईची कात्री, धागे कापायची छोटी कात्री, बाबांचा पाना, आणि त्यांच्या शेजारी माझी साबणदाणी. जीन्सचे आच्छादन काढून, ओल्या फडक्याने पुसून, दोन्ही बॉबिनींना हळदकुंकू लावलेले. वर झेंडूचे अखंड फूल. बाजूचे बटण काळजीपूर्वक बंद केलेले.

“आई,” मी तिच्यासमोर जाऊन म्हटले, “तू त्याला बंद केलंस?”

“मग? आज दसरा ना? आज हत्याराला काम सांगायचं नसतं. कात्री नाही उचलली मी सकाळपासून, आणि त्यालाच तेवढं राबवू?”

“अगं, पण आजच तर दादा बघायला येणार होता.”

“आला की,” आई म्हणाली. “आणि मी उघडलं की दार.”

दादा पाटापुढे उकिडवा बसला. आधी मला वाटले तो नमस्कार करतो आहे. मग त्याचे खांदे हलू लागले, आणि मग तो मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “काल एकानं पूजा झाल्यावर यंत्र सुरू केलं,” तो कसाबसा म्हणाला, “मी त्याला इतका बोललो. म्हटलं, वर्षातून एक दिवस तरी त्याला सोड की रे. आणि परीक्षेचा दिवस कुठला ठरवला मी? दसरा.” त्याने डोळे पुसले, कुंकू त्याच्या पापणीला लागले.

पण तो देखभालीतला माणूस आहे. हसणे संपल्यावर त्याने खरी गोष्ट सांगितली. “आज खाली बंद आहे म्हणून माझी टाच पोचली. उद्या मशिनं लागली की पोचणार नाही. उद्या संध्याकाळी ड्युटीवरून येतो. हिला फक्त एवढं सांग, उद्या त्याची सुट्टी नाही.”

दुसऱ्या दिवशी मीही गेले, आणि आईला न सांगता दादाबरोबर गॅलरीत थांबले. खाली कारखाना सणाची कसर काढत होता. फळ्या गुणगुणत होत्या. दादाने आधी टाचेने ठोकून पाहिले. काही झाले नाही. मग त्याने बटण दाबले आणि कान दाराला लावला. मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत गेले: आत काहीतरी सुरू झाले, थांबले, सुरू झाले, आणि मग लांब चालत राहिले. त्याचे ओठ नकळत त्याबरोबर हलत होते. कडी निघाली.

“एकदा दाबलं की कळतं मला,” आई म्हणाली. “दारात उभं राहून हसता कशाला दोघं? गठ्ठा आलाय, हात लावा.”

दादाने गठ्ठा आत घेतला. मग जमिनीवर बसून त्याने साबणदाणी उलटी केली, झाकण काढले आणि माझे सगळे काम निरखले. मी सोल्डर केलेले तारांचे सांधे त्याला आवडले नाहीत. “राळ फार वापरतेस.” घासलेले चाक त्याने नखावर धरून फिरवले. दोनदा फिरवले आणि जागेवर बसवले.

“याचा रिलीव्हर कुठाय?” त्याने विचारले.

“म्हणजे?”

“कारखान्यात एक माणूस सुट्टीवर गेला, की त्याच्या जागी उभा राहतो तो. हा सणाला पाटावर बसणार, याची बॅटरी उतरणार, हे चाक प्लास्टिकचं, झिजणार. ड्युटीवर दुसरा नको?” आणि मग, आईकडे न पाहता: “तिला इथंच राहायचंय तर नीट राहू दे.”

अंबरनाथच्या घरातल्या त्या खोलीत ते नवे पडदे तसेच आहेत, आणि पलंगावर आता कॅम्प दोनहून आणलेले तीन प्रिंटर. वहिनी म्हणते, सासूबाईंसाठी खोली केली आणि नणंदेची बाल्कनी घरात आली. दादाचा रिलीव्हर दिवाळीनंतर तयार झाला. माझ्या साबणदाणीपेक्षा तो जड आहे, पत्र्याचा, प्रत्येक बोल्टखाली वॉशर असलेला. त्याचे चाक दादाने ॲल्युमिनियमचे कापले आहे आणि त्याचा गुरू माझ्या गुरूपेक्षा थोडा अधिकच लांबतो. आईने त्यालाही आच्छादन शिवले, आणि दोघांच्या पाळ्या लावल्या. पुढच्या वर्षी एकाची पूजा खंडेनवमीला आणि दुसऱ्याची दसऱ्याला, हे तिने आत्ताच ठरवून टाकले आहे.

रविवारी सकाळी दादाचा फोन येतो. “कवयित्रीबाई, बाजारात येताय का? एक स्कॅनर आलाय म्हणे, अगदी ठार बंद.” मग आम्ही कॅम्प दोनच्या त्या बोळात पोत्यांपाशी वाकून बसतो, धुळीचा आणि जुन्या ग्रीसचा वास आमच्या हातांना लागतो, आणि घरी परतण्याआधी विठ्ठलवाडीला आईकडे जातो. बटण मी दाबते. दादा अजूनही आधी टाचेने दोनदा, आणि एकदा लांब, ठोकतो. मशीनी चालू असताना ते पोचत नाही, हे त्याला माहीत आहे.